बांधावरून पळणारी लेकरं

आमच्या सोसायटीत देशप्रेमाला तोटा नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होतं, कडक भाषणं होतात, जिलेबी वाटली जाते, आणि मग सगळे आपापल्या मुलांच्या अमेरिकेतल्या कॉलेजांविषयी बोलू लागतात. शूरवीर जन्मावा, पण शेजारच्या घरात. यंदा ते शेजारचं घर आमचं निघालं. माझ्या मुलीला सैन्यात अधिकारी व्हायचंय. लेखी परीक्षा ती पास झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

ही सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी आमचं शेत होतं. धायरी तेव्हा गाव होतं आणि खडकवासल्याच्या लष्करी अकॅडमीतली मुलं पाठीवर ओझी घेऊन पळत पळत आमच्या बांधापर्यंत यायची. त्यांच्या बुटांचा आवाज लांबून कानावर आला की आई हातातलं खुरपं टाकून पाण्याची कळशी आणि गुळाचे खडे घेऊन उभी राहायची. वाटेनं जाणाऱ्याला नुसतं पाणी देऊ नये, सोबत गूळ द्यावा, ही आमच्याकडची रीत. या पाहुण्यांना थांबायची परवानगीच नसते, हे तिला पटायचं नाही. मग ती तळहातावर खडे घेऊन हात लांब करायची आणि मुलं पळता पळता उचलायची. एकदा मागून ओरडत येणाऱ्या, कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनाच तिनं अडवलं.

“अवो, लेकरांना पाणी तरी पिऊ द्या की! घरी आईबाप हायती त्यांची.”

उस्ताद क्षणभर गोंधळले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनीही एक खडा तोंडात टाकला आणि पुन्हा ओरडायला लागले. आम्ही पोट धरधरून हसलो होतो. आजही त्या जागेवरून, म्हणजे आमच्या पार्किंगमधून, जाताना मला हसू येतं आणि मग उगाच गलबलून येतं.

वडिलांना मात्र त्या मुलांत मीच दिसायचो. “पोरगं हापिसर झालं पायजे,” म्हणत ते मला पहाटे कालव्याच्या कडेनं पळवायचे, स्वतः सायकलवर मागे. मला ते आवडायचं. थंडी, कालव्यावरची वाफ, मागून येणारा चेनचा खडखडाट, सगळंच आवडायचं. आईनं कधी विरोध केला नाही. फक्त एकदा भाकरी थापताना म्हणाली, “दुसऱ्याच्या लेकरांना गूळ द्यायला मी हाय. माझ्या लेकराला कुठल्या बांधावर कोण देणार?”

मलाही असंच मुलाखतीचं बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी मी चुलीपाशी बसून आईला विचारलं, “जाऊ का?” ती म्हणाली, “तुझा बा म्हणतोय ना.” आणि पदरानं डोळे पुसत राहिली. मी गेलो नाही. वडील पुढे बरेच महिने माझ्याशी तुटक बोलत. मग नोकरी लागली, शेत गेलं, इमारत आली. संसार चांगला झाला, तक्रार करायला जागा नाही.

परवा संध्याकाळी मुलगी बॅग भरता भरता म्हणाली, “बाबा, इंटरव्ह्यूत हमखास विचारतात, घरच्यांचं काय म्हणणं आहे. काय सांगू?”

“सांग, परवानगी आहे.”

“ती आहे, ते माहितीये मला. इच्छा आहे का तुमची?”

मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो आणि बाल्कनीत आईजवळ जाऊन बसलो. आता तिला नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. म्हटलं, आई, नातीला चार शब्द समजावून सांग. ती ऐकेल तुझं. आई रडून पाहील, पोरगी विरघळेल आणि वाईटपणा माझ्याकडे येणार नाही, असा माझा हिशेब.

आईनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाली, “तू ऱ्हायलास, मला लई बरं वाटलं व्हतं. तुला बरं वाटलं का, हे मी कवाच इचारलं नाय.”

तिच्या या वयात आईला ‘नाही’ कसं म्हणायचं? मी तिच्या हातावर हात ठेवला, तिनं तो धरला, आणि तिला जे कळायचं ते कळलं.

आईबापांनी मुलांना सैन्यात जायला प्रोत्साहन द्यावं का, यावर आमच्या कट्ट्यावर कुणीही तासभर बोलेल. मला अजूनही ठाम काही सांगता येत नाही. मी घाबरलेलो आहे, एवढं मात्र नक्की.

आत गेलो. मुलगी बॅगेची चेन ओढत होती.

“सांग त्यांना, बाबांची इच्छा आहे,” मी म्हणालो.

शब्द तोंडातून निघाले आणि तत्क्षणी परत घ्यावेसे वाटले. पण तोवर ती धावत आजीला सांगायला गेली होती.