अकरा नंबरच्या खाटेजवळची मी

भूतखेत मी कधी मानलं नाही. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बाबांनी घरातलं भगत-उतारा सगळं बंद केलं, आणि पुढे मी नर्स झाले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

एकसष्टचा एप्रिल. अकोल्यातला एक दवाखाना, बायकांचा सर्जिकल वॉर्ड, खाट नंबर अकरा. हिवरखेडच्या गोदाबाईंचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. विधवा बाई, मागेपुढे कोणी नाही. "टाके निघेपर्यंत मले सोडून जाऊ नका, बाई," म्हणाल्या. मी हो म्हटलं.

चौथ्या दिवशी जखमेत पू झाला. आठवड्याभरात आणखी तिघींचं तेच! पेनिसिलीन द्या नाहीतर पाणी द्या, सारखंच. मग आम्हा सगळ्या स्टाफच्या नाकातले नमुने नागपूरला गेले... आणि तो जंतू निघाला माझ्या नाकात. मला ना सर्दी, ना ताप. पण अकोल्याचा उन्हाळा — ड्रेसिंग करताना जीव गुदमरायचा, म्हणून मी मास्क नाकाखाली ओढून घ्यायची. फार शहाणी ना मी!

मेट्रनबाईंनी मला क्वार्टरमध्ये बसवलं. वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. मैत्रिणी डबा उंबऱ्यावर ठेवून निघून जायच्या. तिकडे गोदाबाई तापानं फणफणल्या होत्या आणि सारखं मलाच बोलवत होत्या, एवढं कानावर आलं. पहिल्या दोन्ही दुपारी मी दार लावून रडले. इतकं एकटं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मेट्रनबाई तणतणत आल्या. मी वॉर्डात का गेले, म्हणून. ताप उतरल्यावर गोदाबाईंनी त्यांना सांगितलं होतं, "दोनी दिवस दुपारभर बाई माह्या उशाशी बसून होत्या, हात धरून. पन बोलत काहून नव्हत्या? अन् नाकावरून फडकं घट्ट बांधून होत्या."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही तेच सांगितलं, आणि तिला तर ताप नव्हता. मी शपथेवर नाही म्हटलं तेव्हा मेट्रनबाई वॉर्डच्या मागच्या दाराचं कुलूप पाहून आल्या; ते तसंच होतं. पुढच्या दाराशी तर दोन्ही दुपारी त्या स्वतःच टेबल टाकून बसल्या होत्या. आत कोणी गेलं नव्हतं.

मुंबईहून आलेलं नवं औषध लागू पडलं होतं, गोदाबाई बऱ्या झाल्या. तिथे कोण बसलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या घरी जायच्या दिवशी मी वेणीफणी करून क्वार्टरच्या पायरीवर बसले होते... भेटायला येतील, निदान रागावतील तरी. त्या समोरूनच अकोटच्या एस.टी.कडे गेल्या. थांबल्या नाहीत. माझा निरोप खाटेजवळच घेऊन झाला असावा. त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत त्यांच्याजवळच होते.