सीताफळवाले चाचा आणि बारा बाटल्या

सीताफळवाले चाचा फळ नुसतं विकत नसत. आधी ते नाकाशी धरत, डोळे मिटून लांब श्वास घेत आणि मग निकाल देत, "हे आजच खा. हे परवाच्याला." निकाल चुकला, असं बीडमध्ये कुणी सांगणार नाही. मंडईच्या तोंडाशी असलेल्या त्यांच्या गाड्यावर गिऱ्हाईक चार गाडे ओलांडून येई, ते या नाकासाठी.

माझी त्यांची ओळख मात्र गुडघ्यांमुळे झाली. मी तेव्हा एका दवाखान्यात सांधे बदलण्याच्या विभागात कामाला होते. जुनाट शुगर आणि झिजलेले दोन्ही गुडघे घेऊन चाचा आले. "आपरेशनला मी भीत न्हाई," ते म्हणाले, "पर डोंगरात जाऊन माल बघता येईना. दुसऱ्यानं निवडलेला माल म्हंजी दुसऱ्यानं निवडलेली बायको." चाची शेजारीच बसल्या होत्या. "मला बी तुमच्या अब्बांनीच निवडलंतं," त्या म्हणाल्या. चाचा त्यानंतर फक्त गुडघ्यांबद्दल बोलले.

आमच्या मोठ्या डॉक्टरांचा एक अभ्यास चालला होता. जुनी शुगर असणाऱ्यांचं नाक मंदावतं का, आणि तसे लोक गुडघा बदलल्यावर सावरतात कसे, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी परदेशातून बारा वासांच्या बाटल्या आल्या होत्या. पेशंटनं वास घ्यायचा आणि कार्डावरच्या चार नावांतलं एक सांगायचं. चाचांनी बारापैकी चारच ओळखले. मी कागदावर 'नाक कमजोर' असं लिहिलं, आणि ते त्यांनी वाचलं.

"बेटा, हे पाइन काय असतंय?"

"झाड असतं, चाचा. थंड मुलखातलं."

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग मला कावून नापास करायलीस?"

मी मागचे कागद काढले तर लिंबागणेश, कडा अशा आसपासच्या गावांतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी कार्डावरची नावं सोडून पाइनला फिनेल म्हटलेलं. फिनेलात पाइनचंच तेल असतं. त्यांची नाकं शाबूत होती, आणि आम्ही शहाण्यांनी निमूट गुण कापले होते.

दुसऱ्या दिवशी चाची तोंडाला फडकं बांधलेल्या बारा डब्या घेऊन आल्या. हिंग, मेथी, चहापत्ती, गूळ, रॉकेल, मोगऱ्याचं अत्तर, असं काय काय. मोठे डॉक्टर आधी हसले, मग स्वतःच वास घेत बसले आणि ओव्याला धने म्हणाले. "साबचं बी लिवून घे," चाचा मला म्हणाले. आधी नापास झालेले बहुतेक म्हातारे या डब्यांवर पास झाले. मग चाचांची पाळी आली.

हिंग, रॉकेल आणि अत्तर त्यांनी ओळखलं. बाकीचं चुकत गेलं. शेवटच्या डबीत चाचींनी पिकल्या सीताफळाचा गर घातला होता. चाचांनी दोनदा वास घेतला. "ही रिकामी हाय का?" त्यांनी विचारलं. चाचींनी मान खाली घातली.

"दोन वरसं झाली, बेटा," चाचा डबीवर फडकं परत बांधत म्हणाले. "फळ मी अंगठ्यानं बघतो. नाकाला लावतो ते गिऱ्हाईकासाठी." मला फार वाईट वाटलं. त्यांची सगळी पत त्या नाकावर होती, आणि बीड काही मोठं शहर नाही. मी हळूच म्हटलं, "तुमचा कागद बाजूला ठेवते, चाचा." तर ते चिडलेच. "लिव्ह. सडलेलं फळ पुसून वर मांडत न्हाई मी." दोन वर्षं नाकाचं नाटक केलेला माणूस हे बोलत होता, तरी मला हसू आलं नाही. पुढं कधी आकडा गोड करून लिहायचा मोह झाला की मला हेच ऐकू येतं.

एकामागून एक दोन्ही गुडघे झाले. चाचा पुन्हा बागा हिंडू लागले. गाड्यावर परतल्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं की आपलं नाक गेलंय, आता ज्यानं त्यानं आपापलं नाक वापरावं. धंदा बसणार म्हणून चाची धास्तावल्या. झालं भलतंच. गिऱ्हाईकं फळं हुंगून हुंगून दमायची आणि शेवटी म्हणायची, "चाचा, तुमीच अंगठा लावा की."

पुढच्या हंगामात माझी बदली झाली. चाचा स्टँडपर्यंत चालत आले, काठीशिवाय. हातात एकच सीताफळ होतं. ते त्यांनी तिथंच फोडून माझ्यापुढं धरलं. "खा मागून. आधी वास कसा येतोय ते सांग मला."

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी अडखळत सांगत गेले, की साईसारखा आहे, थोडा गुलाबाकडं जाणारा, मागं ओल्या पाल्याचा. कंडक्टर एसटीचं दार लावायला आला. चाचा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"आनखी सांग," ते म्हणाले. "देठाकडचा राहिला."