पाटीवर कोरलेलं माझं नाव

येत्या रविवारी आमच्या कॉलेजच्या नव्या क्रीडा संकुलात काळ्या ग्रॅनाइटच्या एका पाटीवरचा पडदा ओढायचा आहे. तो मी ओढावा अशी संस्थेची इच्छा आहे. चिटणिसांनी पाटीचा फोटो मोबाइलवर पाठवला. सोनेरी अक्षरांत कबड्डी संघानं जिंकलेल्या स्पर्धांची यादी, आणि वर ठळक ओळ: ‘सव्वीस वर्षे संघाचे प्रशिक्षक’. त्याखाली माझं नाव.

मी त्या संघाला एक दिवसही शिकवलेलं नाही. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे सांगतो आहे, म्हणजे फार उशिरा सांगतो आहे, ते मला कळतं. पण पडदा ओढला जाण्याआधी सांगायलाच हवं.

ज्यांनी शिकवलं ते आमच्या कॉलेजचे मैदानावरचे शिपाई होते. मैदानावर पाणी मारणं, फक्की ओढणं, जाळ्या बांधणं हे त्यांचं काम. खाडीकाठच्या गावचे. घरची पिढ्यान्‌पिढ्यांची मिठागरं होती, ती नव्या शहरासाठी गेली. कॉलेज उभं राहिलं तेव्हा गावातल्या काही जणांना नोकऱ्या दिल्या गेल्या, त्यात चौथी शिकलेल्या या माणसाला शिपायाची मिळाली. माझ्याहून तीन वर्षांनी मोठे होते, तरी मी त्यांना अरे-तुरे करत असे. सगळेच करत. फक्त खेळाडू त्यांना ‘दादूस’ म्हणत, त्या गावात थोरल्या भावाला म्हणतात तसं.

मी साताऱ्याकडचा, भालाफेकीतला. व्यायामशिक्षणाची पदवी घेऊन इथे क्रीडा विभागप्रमुख झालो. कबड्डी मला नियमांच्या पुस्तकातून ठाऊक होती. पहिल्या आठवड्यात मी मुलांना पुस्तकाप्रमाणे पकडी समजावू बघत होतो. दादूस हातात पाण्याचा पाइप धरून ऐकत होते. मुलं गेल्यावर म्हणाले, “सर, तुमी सांगता ता बरोबर हाय. पन पोरांचे पाय खोटा बोलतान.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मैदानाचा एक तुकडा भिजवला आणि सातही जणांना अनवाणी त्यात उतरवलं. मिठाचा हंगाम सुरू होण्याआधी मिठागराचा तळ घट्ट करावा लागतो. माणसं एकमेकांचे हात धरून ओळीनं उभी राहतात आणि ओला चिखल पायांनी तुडवत पुढं सरकतात. एकाचं पाऊल मागं राहिलं तर तिथे खड्डा राहतो आणि पाणी मुरतं. दादूसनी संघाला तेच करायला लावलं. हात सोडायचा नाही, पायाकडे बघायचं नाही, शेजाऱ्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते त्याच्या तळहातावरून ओळखायचं. महिनाभर त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही. मला ते हास्यास्पद वाटलं आणि मी तसं शिक्षकांच्या खोलीत बोलूनही दाखवलं. त्या वर्षी आमची साखळी कुणाला तोडता आली नाही. तुर्भ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची मुलं आणि खाडीकाठची मुलं, कुणाच्याही अंगाला फारसं मांस नव्हतं. पण चढाईला आलेला गडी त्यांच्यात शिरला की परत जात नसे.

तेव्हापासून हे असंच चाललं. संघाच्या यादीत ‘प्रशिक्षक’ या रकान्यात मी सही करायचो. सामन्यात मी खुर्चीवर बसायचो. दादूस दोरीबाहेर उकिडवे बसत, बादली आणि पेला घेऊन. खेळ थांबवून तीस सेकंदांची विश्रांती घेतली की ते पाणी घेऊन आत येत आणि पेले फिरवता फिरवता बोलत. “डावा कोपरा, तू घाईचा हायेस. त्याला पुढं येव दे.” एवढंच. मुलं माझ्याकडे तोंड करून उभी राहत, म्हणजे पंचांना वाटावं की मी सांगतो आहे. मी मान हलवत असे. ही युक्ती कुणी ठरवली ते आठवत नाही. मी मोडली नाही, हे आठवतं.

मग एका वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा तो अंतिम सामना आला. आम्ही दोन गुणांनी मागे होतो, शेवटची काही मिनिटं उरली होती. विश्रांती घेतली, दादूस बादली घेऊन आत आले आणि बोलू लागले. समोरच्या संघाच्या प्रशिक्षकानं हरकत घेतली. “पाणीवाला कोचिंग करतोय, साहेब. हे काय चाललंय?”

पंच आले. महापालिकेच्या शाळेतले शिक्षक, कडक पण सरळ माणूस. त्यांनी दादूसकडे बोट केलं आणि मला विचारलं, “हे कोण?”

मुलं माझ्याकडे बघत होती. दादूसही बघत होते, पेला हातात तसाच. मी म्हणालो, “शिपाई आहे, साहेब. पाणी द्यायला येतो.”

पंचांनी पुन्हा विचारलं, “नक्की?”

“हो. शिपाईच.”

दादूसना मैदानाच्या फाटकाबाहेर जायला सांगितलं. ते बादली उचलून गेले. पाणी सांडू न देता गेले, हे मला का आठवावं ठाऊक नाही. आम्ही सामना हरलो. सोमवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे मैदानावर पाणी मारत होते. मला म्हणाले, “सर, उजवीकडली माती उखरलीय.” त्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षं संघ घडवला, पण सामन्याला एकदाही आले नाहीत. मी जिंकलेले चषक घेऊन येई आणि ते पुसून कपाटात ठेवत. मला विद्यापीठाकडून उत्तम प्रशिक्षकाचं मानपत्र मिळालं. मी ते घेतलं. त्यांच्या निवृत्तीला शाल-श्रीफळ देताना मीच भाषण केलं आणि मैदान स्वच्छ ठेवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. त्या भाषणाची मला आज शिसारी येते.

पाटीचा फोटो बघून मी चिटणिसांना फोन केला. ते त्याच संघात डावा कोपरा होते. दादूसच्या हाताखाली चिखल तुडवलेला माणूस.

“सर, टेन्शन घेऊ नका,” ते म्हणाले. “त्यांचंही करतोय ना आपण. खाली छोटी पट्टी लावतोय, ‘विशेष सहकार्य: मैदान सेवक’ म्हणून.”

“सहकार्य? तुला पकड कोणी शिकवली?”

“मला माहितीये हो, सर. पण रेकॉर्डला तुम्ही आहात. शिपायाला प्रशिक्षक दाखवलं तर सव्वीस वर्षांच्या सगळ्या याद्या खोट्या ठरतील.”

“खोट्याच आहेत.”

“आता या वयात कशाला, सर?”

माझा संताप अनावर झाला. सेवक. ज्या मातीवर या लोकांच्या बापजाद्यांची मिठागरं होती, त्याच मातीवर त्यांना सेवक म्हणून कोरायचं, तेही पट्टीवर. मी तसाच ऐरोलीच्या माझ्या घरून रिक्षा करून दादूसच्या गावी गेलो. आता तिथे इमारती झाल्यात. मुलानं बांधलेल्या चारमजली घराच्या ओट्यावर ते टीव्हीवरचा कबड्डीचा सामना आवाज बंद करून बघत होते. मी सगळं सांगितलं. संस्थेला यथेच्छ शिव्या दिल्या.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्यांना कशाला शिव्या देता? तुमी पंचाला जा काय सांगलाव, ताच त्यांनी लिवलाय.”

मी विचारलं, “मी काय करू?”

“मना कशाला विचारता? ज्याला सांगलाव, त्याला जाऊन सांगा.”

ते पंच पनवेलला राहतात. पत्ता शोधून दुसऱ्या दिवशी गेलो. ऐकू कमी येतं, बाकी तब्येत खणखणीत. मी मोठ्यानं सांगितलं, की त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. ते नुसते शिपाई नव्हते, संघाचे प्रशिक्षक तेच होते.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “सगळ्या मैदानाला माहीत होतं.”

“मग त्यांना बाहेर का काढलंत?”

“तुम्ही काढलंत. मी दोनदा विचारलं. प्रशिक्षकाला पदवी हवी असं आमच्या नियमात कुठं होतं? यादीत नाव हवं, एवढंच. तुम्ही ‘प्रशिक्षक’ म्हणाला असता तर तिथंच नाव घातलं असतं. पेन काढून उभा होतो मी.”

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझा नाइलाज होता, नियमच तसे होते. नियम मला तोंडपाठ होते. त्यात तसं काही नव्हतं.

मी परत दादूसकडे गेलो आणि पंच काय म्हणाले ते सांगितलं. मला वाटलं होतं, निदान आता ते चिडतील.

“पेन मी बघितलेला,” ते म्हणाले. “म्हनून तर पेला घेऊन उभा होतो. मना वाटला, आता सांगतील सर.”

मी संस्थेला लेखी कळवलं आहे की पडदा ओढायला मी येणार नाही आणि पाटीवरचं माझं नाव काढावं. उत्तर आलं, की ग्रॅनाइटमध्ये कोरलेलं पुसता येत नाही. म्हणून इथे लिहितो. संघाचे प्रशिक्षक दादूस होते. मी यादीवर सही करत असे. रविवारी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर असेन, त्यांनी बसू दिलं तर.