समोरचं स्टूल

दोरा दातांनी तोडायचा आणि मग गळ्यातच लटकणारी कात्री शोधायची. छत्रीची काडी कानाशी नेऊन वाकवायची. हसताना तोंड हाताने झाकायचं. डबा उघडला की झाकणात अर्धं काढून समोर सरकवायचं, समोर कुणी नसलं तरी.

या आत्यांच्या सवयी. कारखान्यात सगळेच त्यांना आत्या म्हणत. परवा त्या झोपेतच गेल्या.

कारखाना सरकारी होता तेव्हा त्यांच्यासमोर त्यांची जाऊ बसे. जाऊ छत्रीचा सांगाडा धरायची, आत्या त्यावर कापड टाचायच्या. दोघींचे नवरे केव्हाच वारलेले, घरीही दोघीच. मग कारखाना विकला गेला. नव्या मालकाने सांगाडा धरायला लोखंडी पकड बसवली आणि जावेला काढलं. ती दूरच्या गावी, लेकाकडे गेली.

सरकारी काळात ज्या टेबलाचं काम वाढे, त्याला जादा माणूस मिळे. आत्यांच्या डोक्यात तेच पक्कं बसलेलं. त्या झपाटल्यासारख्या कामाला लागल्या.

मी तिथे माहितीपत्रकं लिहितो. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोरच्या स्टुलावर टेकायचो.

"जरा दमानं घ्या, आत्या."

"तू तुझ्या कविता वाच. ती आली की घेईन दम." मग पकडीवर टिचकी मारून म्हणायच्या, "तशी हीच बरी. तोंड तरी चालवत नाही."

हिवाळ्यापर्यंत त्या एकट्या दोघींइतक्या छत्र्या करू लागल्या. मॅनेजरसाहेब कौतुक करायला टेबलापाशी आले. आत्यांनी हात पुसले.

"आता माझ्या जावेला बोलवा, साहेब."

साहेब गोंधळले. माणूस वाईट नव्हता.

"आत्या, तुम्ही एकट्याच एवढं करता. मग दुसरी कशाला?"

आत्यांनी पकड उघडून पुढचा सांगाडा बसवला. सुट्टीत जावेला फोन लावला. "बघतो म्हणालेत साहेब," एवढंच सांगितलं. त्या दिवशी झाकण समोर सरकवलं नाही.

आत्या गेल्याचं कळल्यावर जाऊ निघाली, उद्या पोचते आहे.

आज मला आत्यांचं टेबल आवरायला सांगितलं. खणात एक छोटी गादी निघाली, समोरच्या स्टुलाच्या मापाची. कापड निळं, गेल्याच आठवड्यात कारखान्यात आलेलं. तीन कडा शिवून झाल्यात. चौथीत सुई तशीच टोचलेली आहे. दोरा तोडलेला नाही.