लालासाहेबांची नखं

कडेगावात स्टँडसमोर धनाजीचा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकाला गोरं करून देण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नाही. फोटो लग्न जमवायला असो की भिंतीवर हार घालायला, माणूस उजळ दिसलाच पाहिजे, असा इकडचा दंडक. धनाजीनं तो इतकी वर्षं बिनतक्रार पाळला आणि त्याच दंडकानं यंदा त्याला तोंडघशी पाडलं.

काम होतं लालासाहेबांच्या फोटोचं. इस्लामपुरात त्यांचा जुना स्टुडिओ होता. बौद्धवाड्यातला धनाजी बाविसाव्या वर्षी तिथं झाडलोटीला लागला आणि महिन्याभरात लालासाहेबांनी त्याला डार्करूममध्ये ओढला. तांबड्या दिव्याखाली दोघांचे हात फोटो धुवायच्या औषधाच्या एकाच ट्रेमध्ये असायचे. तेव्हा त्याच्यासाठी कपबशी वेगळी ठेवणारी घरं काही कमी नव्हती. लालासाहेबांची अंबूबाई मात्र त्याचं ताट आपल्या नवऱ्याच्या शेजारी मांडायची. धनाजी आजही सांगतो, की फोटो काढायला कुणीही शिकवलं असतं, पण मान वर करून बसायला त्या घरानं शिकवलं.

रविवारी लालासाहेबांचं वर्षश्राद्ध होतं. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा धड फोटो एकच होता. धनाजीनं आपल्या दुकानाच्या उद्घाटनाला तो डिजिटल कॅमेऱ्यावर काढला होता. हनुवटीला हात लावून लालासाहेब हसताहेत, असा. त्यांना काळापांढराच आवडायचा, तसाच करून आण, असा अंबूबाईचा निरोप होता.

धनाजीनं कॉम्प्युटरवर जीव ओतला. चेहरा उजळला, सुरकुत्या पुसल्या, हात स्वच्छ केले. चकचकीत कागदावर फोटो छापला आणि बुधवारी फ्रेम घेऊन इस्लामपूर गाठलं. अंबूबाईनं तो आधी आत बल्बखाली पाहिला, तर चेहरा हिरवट. दारात उन्हात आणला, तर जांभळट. बराच वेळ बघून ती हळूच म्हणाली, "लय चांगला आलाय रं. पर हे कोन हायत?"

येताना एसटीत धनाजी खिडकीला डोकं टेकून बसला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. प्रिंटर राखाडी रंगसुद्धा निळा, लाल, पिवळा मिसळून बनवतो आणि उजेड बदलला की त्याची छटा बदलते, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. गिऱ्हाईक तक्रार करत नाही म्हटल्यावर त्यानंही बघायचं सोडलं होतं. ज्या माणसानं बघायला शिकवलं, त्याच्याच फोटोत ही कसूर व्हावी, हे त्याला फार लागलं.

गुरुवारी त्यानं दुकानाला अर्धं शटर लावलं. प्रिंटरचे सगळे रंग बंद करून एकटी काळी शाई चालू ठेवली. चकचकीत कागद ती शाई धरेना, बोट लावलं की पुसायची. मग बिनचमकेचा जाड कागद आणला. मोठ्या कागदाला हात घालण्याआधी पट्टीवर नमुना काढायचा, ही लालासाहेबांची डार्करूममधली शिस्त. त्याप्रमाणे धनाजीनं अकरा पट्ट्या काढल्या. गालावर शाईचे बारीक ठिपके दिसत होते, ते शेवटच्या पट्टीवर एकमेकांत मिसळले. मध्येच शाई संपली आणि टाकी भरताना ती त्याच्या दोन्ही हातांवर सांडली.

चेहऱ्यावरचा गोरेपणा त्यानं आधीच काढला होता. मूळ फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा त्याला नखं दिसली. काळी, कडांना तपकिरी. मळ समजून त्यानंच ती पुसली होती. तो मळ नव्हता, चाळीस वर्षांच्या डार्करूमच्या औषधांचा डाग होता. त्यानं नखं जशीच्या तशी ठेवली.

शनिवारी अंबूबाईनं नवा फोटो बल्बखाली पाहिला, उन्हात पाहिला. चेहरा दोन्हीकडं एकच होता, सावळा, हसरा. मग तिचं बोट त्या नखांवर येऊन थांबलं.

"आमचं आबा म्हणालं हुतं, ह्या जावयाला हात धुवायचं वळण न्हाई," ती म्हणाली. "चाळीस वर्सं लिंबू चोळलं मी ह्या नखांना."

ती हसली आणि पदरानं डोळे टिपत राहिली. आपण मळ समजून नखं पुसली होती, हे धनाजीनं कबूल केलं. आणखी पुष्कळ सांगायचं होतं, या घराचे उपकार, ते ताट. त्यानं नुसते हात जोडले.

जोडलेल्या हातांकडं अंबूबाईची नजर गेली. दहाही नखं काळी होती. ती उठली, आत गेली आणि लिंबाची फोड आणून त्याच्या हातावर ठेवली.

"जायाचं न्हाई ते," ती म्हणाली. "पर चोळ."

धनाजीनं ती फोड रुमालात बांधून खिशात ठेवली आणि तसल्याच हातांनी फोटो भिंतीला लावला.