बर्फाने दिलेले दोन दिवस

आमचं हे अमेरिकेतलं समुद्रकाठचं गाव बारा महिने उबदार. आज टीव्हीवर बर्फाचा इशारा दिला, आणि समोरच्या आजोबांनी लगबगीने त्यांच्या लिंबाच्या झाडावर जुनी चादर घातली. ते बघताना मला आईची शेवटची खेप आठवली.

तेव्हाही असाच अंदाज होता. आई सहा महिने राहून दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला परत निघणार होती. बॅगा भरून झाल्या होत्या. बर्फात अडकू म्हणून सगळं गाव दूध-पाव घ्यायला धावत होतं आणि आई टीव्हीसमोरून हलत नव्हती.

"बर्फ पडला तर विमान उडत नाही ना गं?"

"नाही उडत."

"मग पडू दे की," ती म्हणाली आणि स्वतःच लाजली. सहा महिने 'कधी एकदा घरी जाते' असा घोष लावणारी बाई!

सकाळी अंगण पांढरंशुभ्र होतं. विमान रद्द झालं. मिळालेल्या दोन दिवसांत आम्ही विशेष काहीच केलं नाही. मऊ भात खाल्ला, पत्ते खेळलो, तिने माझ्या केसांना तेल लावलं.

मग ऊन पडलं. ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "किती भराभर वितळतोय गं."

मी तिच्याकडे बघितलंच नाही.