दुसरं मशीन

शहापूरची मी, लग्न होऊन मुरबाडकडच्या एका गावात आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. संख्याशास्त्र शिकलेली सून आलीय म्हणून आजूबाजूच्या बायका मला बघून गेल्या. सासूबाईंनी प्रेमानं विचारलं, म्हणजे तू खानेसुमारीला जाणार का? मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. मग या शिक्षणाचं करायचं काय, हे त्यांना कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं.

सासऱ्यांचा धंदा जनरेटर भाड्यानं द्यायचा. लग्नं, भजनं, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे म्हसाच्या जत्रेत दुकानांच्या एका रांगेला उजेड द्यायचा. मशीनं दोन होती. एक चालायचं आणि दुसरं ताडपत्रीखाली बसून असायचं. दसऱ्याला मात्र झेंडूचा हार दोघांनाही पडायचा. बंद पडलं तर काय, असं कोणी विचारलं की सासरे छाती काढून सांगायचे, दुसरं हाय ना.

माझ्या पहिल्याच जत्रेत, ऐन दिवेलागणीला, पहिलं बंद पडलं. दुसऱ्यावरची ताडपत्री काढून माझ्या नवऱ्यानं हँडल मारलं, पुन्हा मारलं, पण ते हूं की चूं करेना. उघडून बघितलं तर आतून अर्धं गायब. नोझल कोणाच्या तरी पाण्याच्या इंजिनाला गेलं होतं, पट्टा एका गिरणीत फिरत होता आणि फिल्टर तर माझ्याच नवऱ्यानं काढून पहिल्याला बसवला होता. सगळं उद्या आणून देतो म्हणून नेलेलं. नुसत्या उभ्या यंत्राचा एखादा भाग मागायला आलेल्या माणसाला नाही तरी कसं म्हणणार?

त्या अंधारात रांगेतल्या कासारणीच्या बांगड्या पायदळी फुटल्या, आणि काही न फुटताच गेल्या. सकाळी तिनं सगळ्या रांगेच्या वतीनं सासऱ्यांना सुनावलं, पुढच्या जत्रेत असं पुन्हा झालं तर आम्ही कल्याणचा जनरेटरवाला बोलावणार. जत्रेतून उठवलेल्या माणसाला लग्नाला तरी कोण बोलावतं? सासरे त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

हे मी कॉलेजात शिकले होते. एक यंत्र बंद पडण्याची शक्यता थोडी, मग दोन्ही एकदम बंद पडण्याची अगदीच थोडी. दोन अपूर्णांकांचा गुणाकार करायचा आणि निर्धास्त झोपायचं. परीक्षेत तो गुणाकार मी धडाधड केला होता. पण त्याला एक अट असते, एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नसावा. आमच्याकडे दोघंही एकाच पिंपातलं डिझेल पीत होती आणि एकमेकांचे भाग वापरत होती. शिवाय उभं मशीन आतून बिघडलंय हे ते चालवल्याशिवाय समजणार कसं?

मी घरात दोन गोष्टी मागितल्या. प्रत्येकाचं पिंप वेगळं, आणि दर कामाला मशीन बदलायचं, एकदा हे, एकदा ते. चांगलं मशीन उगाच झिजवायचं कशाला, असं सासऱ्यांचं म्हणणं. ठेवणीतल्या वस्तूंवर त्यांचा भारी जीव. तेव्हा सासूबाई माझ्या बाजूनं बोलल्या. त्यांचा ठेवणीतला शालू पेटीतच घडीवर फाटला होता. पिंपं वेगळी झाली आणि मशीनं आलटून पालटून चालू लागली. मग एक गंमत झाली. भाग मागायला येणारे थांबले. चालत्या मशीनचा पट्टा मागायची हिंमत कोणाला होईना. हे कुठल्या सूत्रात नव्हतं, पण मला फार आवडलं.

पुढची जत्रा आली. भर गर्दीत पहिलं मशीन धापा टाकत थांबलं. डिझेलमधला कचरा आत गेला होता. रांगेत अंधार झाला. कासारीण बांगड्यांवर आडवी पडली. नवऱ्यानं दुसऱ्याला हँडल मारलं आणि विडी पेटवायला लागतो तेवढ्या वेळात रांग पुन्हा उजळली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सासरे खुशीत भज्यांच्या दुकानाकडे निघाले, नवराही हात पुसू लागला. मी वाटेत उभी राहिले.

"आता चालू हाय ना गो? सकाळी बघू," सासरे म्हणाले.

"मामा, आता आपल्याकडं एकच मशीन हाय."

ते थांबले. दिव्यांच्या त्या रांगेकडे त्यांनी एकदा टोकापर्यंत बघितलं, आणि भजी राहू दे म्हणून स्वतःच बॅटरी धरून नवऱ्याशेजारी उकिडवे बसले. दोघांनी मिळून पहिलं मशीन साफ केलं आणि परत जोडून तयार ठेवलं.

मी कासारणीकडे गेले. तिनं न विचारताच माझा हात ओढला आणि हिरवा चुडा भरायला घेतला. पैसे नको म्हणाली. दोन बांगड्या चढल्या असतील नसतील, मागून येणारा दुसऱ्या मशीनचा आवाज बदलला. बंद पडण्याआधीचा तो घरघराट मी ओळखला. तेवढ्यात पहिलं सुरू झाल्याचा खणखणीत आवाज ऐकू आला, नवऱ्यानं स्विच फिरवला, आणि दुसरं मशीन मान टाकायच्या आत रांग पहिल्यावर आली. डोक्यावरचा बल्ब एकदा लुकलुकला.

पदवी मिळाली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. कासारणीनं बल्बकडे वर बघितलंदेखील नाही. माझा हात दाबत ती तिसरी बांगडी चढवत राहिली.